अण्णा, तुम्ही स्क्रू खोलला नाहीत म्हणून

अण्णा, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या बोळात एवढ्याशा दुकानात बसून चार्जर आणि लॅपटॉप दुरुस्त करणारे अण्णा म्हटलं की तुम्हाला कळेल हे पत्र कुणाला आहे ते. त्या दिवशी शेवटची बस चुकंल म्हणून नुसतं थँक्यू म्हणून पळाले, आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. तुम्ही जे केलासा ते एका शब्दात उरकण्यासारखं नव्हतं.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगते. मी खानापूर तालुक्यातली, घरातच टेबल टाकून लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून देते. पीक विमा, रेशन कार्ड, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार का आले नाहीत ते बघणं, आरटीसी म्हणजे आमच्याकडचा सातबारा काढून देणं, असलं काम. आमच्याकडं माणसं बोलणार मराठी आणि कागद सगळे कन्नडमधले, त्यामुळं आधी कागद वाचून समजावून सांगायचा आणि मग फॉर्म भरायचा, अर्धं काम तेच असतंय. जुना कॉम्प्युटर बंद पडला तसं सोसायटीचं कर्ज काढून नोव्हेंबरमध्ये नवा लॅपटॉप घेतला. एप्रिलमध्ये त्याचा कीबोर्ड फुगला.

एकदम नाही फुगला. आधी खालचं ते बोटानं फिरवायचं पॅड क्लिक होईना, मला वाटलं धूळ गेली असेल. मग स्पेसबार एका बाजूनं दबायचा आणि एका बाजूनं नाही. आठवड्याभरात मधली बटणं वर उचलल्यासारखी दिसायला लागली आणि झाकण लावलं तर पुढनं फट राहायची, त्यात माझं बोट जायचं. दीर म्हणाले क्लिपा सुटल्या असतील, दाबून बसव. मी दोनदा अंगठ्यानं दाबलं पण. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

जिथनं घेतला तिथं घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलानं पिशवीतनं पूर्ण बाहेर पण काढला नाही, म्हणाला मॅडम हे फिजिकल डॅमेज आहे, तुमच्याकडनं वजन पडलंय नाहीतर पडला असेल, वॉरंटीत बसत नाही, पाहिजे तर कंपनीला कुरिअर करा नाहीतर बाहेरनं करून घ्या. मी म्हटलं पडलेला नाही हो. ऐकायलाच तयार नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि घरी पीक विम्याच्या कागदांचा गठ्ठा पडलाय, हे सगळं डोक्यात घेऊन मी बाहेर पडले आणि विचारत विचारत तुमच्यापाशी आले. आले ते भांडायला किंवा सल्ला मागायला नाही अण्णा, सरळ सांगायचं ठरवूनच आले होते की खोला, किती होतील ते घ्या आणि आजच करून द्या.

तुम्ही हातातला सोल्डर बाजूला ठेवलासा आणि पहिला प्रश्न विचारलासा, "बिल आहे काय, अक्का?" बिल होतं. तारीख बघितलासा आणि स्क्रूड्रायव्हर परत डब्यात टाकलासा. "मग हे मी खोलत नाही. मी खोललो की तुमची वॉरंटी गेली."

मला त्यावेळी राग आला होता, खरं सांगते. वाटलं हा पण माणूस नाही म्हणतोय.

मग तुम्ही ती स्टीलची फूटपट्टी काढलासा. कीबोर्डवर आडवी ठेवलासा आणि मला खाली वाकून बघा म्हटलासा. पट्टी मधे टेकलेली आणि दोन्ही टोकांना खालनं उजेड दिसत होता, बोट लावलं की इकडनं तिकडं डुलायची. लॅपटॉप उलटा करून तळाला लावलासा, तिथं पण तेच. मग चारही कोपरे दाखवलासा, एक ओरखडा नव्हता. तुमचं ते बोलणं मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलंय: "वरनं वजन पडलं तर खड्डा पडंल, डोंगर कसा होईल? हे आतनं ढकलतंय. बॅटरी ऊदिदे." म्हणजे बॅटरी फुगलीय. सकाळपासून मला जे सिद्ध करता येत नव्हतं ते तुमच्या एका पट्टीनं दोन मिनिटात केलं.

बॅटरीचं पण तुम्ही इतकं नीट समजावलासा की ते मी आता इथं येणाऱ्या सगळ्यांना सांगते. ह्या पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी कीबोर्डच्या आणि त्या पॅडच्या बरोबर खाली असते, लिथियमची, मऊ पाकिटात बंद केलेली. आतलं रसायन उष्णतेनं बिघडलं की वायू तयार होतो आणि पाकीट बंद असल्यामुळं त्याला बाहेर जायला वाट नाही, उन्हात राहिलेली दुधाची पिशवी फुगते तसं. कधी बनवतानाच दोष असतो, कधी दिवसरात्र चार्जरला लावून शंभर टक्के भरलेली ठेवल्यानं आणि गरमीनं लवकर होतं. माझा लॅपटॉप तर करंट जाईल ह्या भीतीनं चोवीस तास लावलेलाच असायचा. दाबून बसवलं असतं किंवा कुणी टोक मारून वायू काढायला गेलं असतं तर आग लागू शकली असती, हे तुम्ही सांगितलासा तेव्हा मला माझा अंगठा आठवला.

चार्जर तिथंच काढून घेतलासा. लॅपटॉप बाहेर पायरीजवळच्या फरशीवर ठेवून, कागदांपासून लांब, तुमचा बाहेरचा कीबोर्ड जोडून माझ्या फायली पेनड्राईव्हवर घेऊ दिलासा, आणि मग बंद केलासा तो बंदच. गिऱ्हाईक थांबलेलं होतं, त्याला म्हणालासा अर्ध्या तासानं या.

कुरिअरचं ऐकून तर तुम्ही कपाळाला हात लावलासा. फुगलेली बॅटरी पार्सलमध्ये घालायची नसते, हे त्या काउंटरवरच्या मुलाला माहीत असायला पाहिजे होतं. तळाचा सीरियल नंबर घालून तुम्ही कंपनीच्या साईटवर बघितलासा तर माझी वॉरंटी घरी येऊन करून देण्याची निघाली, जे मला विकताना कुणी सांगितलं नव्हतं. आणि तारीख पण चुकीची होती, बिल नोव्हेंबरचं आणि तिथं सुरुवात सप्टेंबरपासून. माल कारखान्यातनं सुटला त्या तारखेपासून मोजतात, बिल पाठवलं की दुरुस्त करून देतात, हे पण तुमच्यामुळं कळलं. नाहीतर शेवटचे दोन महिने माझे असेच गेले असते.

मग फोटो. समोरनं, बाजूनं, पट्टी ठेवून, कोपऱ्यांचे. ईमेल तुम्ही सांगत गेलासा आणि मी मोबाईलवर टाईप केला. कंपनीला फोन मात्र तुम्ही मलाच लावायला लावलासा, "लॅपटॉप तुमचा, बोला तुम्हीच." त्यांनी परत फिजिकल डॅमेज म्हटल्यावर मी अडखळले तर तुम्ही फक्त पट्टी वर करून दाखवलासा, आणि मी तुमचंच वाक्य माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की वजनानं खड्डा पडतो, डोंगर नाही. तक्रार नंबर मिळाला. नाहीच झालं तर 1915 वर, ग्राहक हेल्पलाईनला फोन लावा, मराठीत बोलता येतंय, हे पण तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलासा. ती वेळ आली नाही.

नवव्या दिवशी इंजिनिअर आमच्या घरी आला. पडवीत बसून त्यानं खोलला आणि ती बॅटरी मी डोळ्यांनी बघितली, उशीसारखी टम्म. कीबोर्ड वरच्या पत्र्याला पक्का बसवलेला असतो म्हणून तो सगळा भागच नवीन घातला, बॅटरी नवीन, जुनी तो परत घेऊन गेला. एक रुपया लागला नाही. त्यानं पण पहिल्यांदा तळाचे स्क्रू कुणी फिरवलेत काय ते टॉर्च मारून तपासलं. तेव्हा मला खरं कळलं अण्णा, की त्या दिवशी तुम्ही स्क्रूड्रायव्हर डब्यात टाकलासा म्हणजे माझ्यासाठी काय केलासा.

तुम्ही खोलला असता तर मी पैसे दिले असते, आणि आनंदानं दिले असते. तुमचा दीड तास गेला आणि तुम्ही चहाचे पण घेतला नाहीसा. आमच्या सासूबाई म्हणाल्या, त्या माणसाला कन्नडमध्ये चिठ्ठी लिही. मी म्हटलं नको, ते माझ्याशी अख्खा वेळ मराठीत बोलले, चुकत चुकत, पण मला समजावं म्हणून बोलले, मी पण मराठीतच लिहिते.

पीक विम्याचे सगळे फॉर्म मुदतीत गेले. चार्जिंगची मर्यादा तुम्ही सांगितल्याप्रमाणं 80 टक्क्यांवर ठेवलीय. गेल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंच्या लॅपटॉपवर पण मी पट्टी ठेवून बघितली, चांगला आहे.

येत्या बुधवारी बँकेच्या कामाला बेळगावला येणार आहे. बसला आम्हा बायकांना शक्ती योजनेचं शून्य तिकीट आहे त्यामुळं ओझं आणायला मला काही वाटत नाही, परड्यातला फणस पिकलाय, कापा आहे, तो घेऊन येते. त्याला नको म्हणू नका, अण्णा. दुकान किती वाजता उघडता तेवढं कळवा.

तुमची,
खानापूरची अक्का