रस्त्याकडचा पडदा

पलूस, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. माझी शुगर आहे तेवढीच, आईचा गुडघा आहे तसाच.

झालं असं. रेवाला शाळेत ‘आमच्या घरचा व्यवसाय’ म्हणून मोबाईलवर व्हिडिओ करून न्यायचा होता. म्हटलं, कर की. पण शेडातला ब्रॉयलर कोंबड्यांचा लॉट अडतीस दिवसांचा. पिवळी पिल्लं असती तर प्रश्नच नव्हता. पोरीनं काढला काय, तर पाय फाकवून बसलेला एक पक्षी. दोन किलोचं अंग पायांना पेलवेना, पंखांवर सरकत खाद्याकडं चाललेला. मागं माझा आवाज, “आज मर किती?” गडी म्हणतो, “अकरा.” मग बादली.

रात्री विचारते, “पप्पा, हे ठेवू का काढून टाकू?” मी म्हटलं, “काढ. नवीन पिल्लं आली की परत कर.” तिनं काढलं. काही बोलली नाही. तेव्हापासून झोप नाही, लेका.

बेकायदा काहीच नाही. पक्ष्याला एक चौरस फुटाच्या जरा वर जागा, ४०-४२ दिवसांत दोन-सव्वादोन किलो. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, लाईटबिल आणि जागरण आपलं. शंभरात चार-पाच जातात, ते धरलेलंच असतं. हार्मोनचं इंजेक्शन मारतात म्हणून तुझा मेहुणा भर लग्नात माझ्याशी भांडला होता, ते साफ खोटं. पाच हजार पक्ष्यांना टोचत कोण बसणार? लसी तेवढ्या देतो, लासोटा डोळ्यात थेंब, गंबोरो पाण्यातून. वाढ होते ती निवडून निवडून तयार केलेल्या जातीमुळं आणि खाद्यामुळं. त्याच जातीमुळं पायही जातात, एवढं मात्र मी मेहुण्याला सांगितलं नाही. आणि अँटिबायोटिकचं विचारलं असतं तर माझी वाचा बसली असती. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना द्यायला सरकारनं २०१९ला बंदी घातली. त्याआधी पाण्यात काय ओततोय ते मी कधी बाटली फिरवून वाचलं नव्हतं.

सुपरवायझर म्हणतो, बाहेरचं माणूस आत नको, रोग येतो. खरं आहे, आम्हीसुद्धा औषधाच्या पाण्यात पाय बुडवूनच आत जातो. पण रस्त्याकडचा पडदा? वारं लागतं म्हणून खाली असतो, असं मी सांगतो. वारं पश्चिमेचं, रस्ता पूर्वेला.

जत्रेचा बोकड आठवतो? बंड्या. नाव तूच ठेवलंस, मग जेवला नाहीस, आणि मी तुला गावभर भित्रा म्हणत फिरलो. आत्ता माफी मागतोय असं समजू नकोस, माझी सायकल तू विहिरीत घातलीस त्याचा हिशोब बाकी आहे. पण बंड्याला गल्लीनं चारा घातला, गल्लीदेखत कापला, गल्लीनं खाल्ला. आता रात्री एकला गाडी येते, पोरं एकेका हातात चार-चार पक्षी उलटे धरून क्रेटात भरतात. सकाळी गावाला नुसता वास.

गुरुवारी लिफ्टिंग आहे, ती गाडी येणार. रेवा म्हणते, मी जागी राहणार. हिचा नकार. मी गप्प. तू काय म्हणशील ते माहीत आहे, तरी लिही.

नवीन फ्लॅटचं अभिनंदन. वहिनींची बदली झाली का? चिरंजीवांच्या दहावीचं कळव.

तुझा,
दत्ता

ता. क. काढून टाकलेला व्हिडिओ मोबाईलच्या कचऱ्यात तीस दिवस राहतो म्हणे. रेवानंच सांगितलं, आज सकाळी, चहा देताना.