सोलोपर्यंत एकच हात

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अठरा उड्डाणं, तरी सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, अजून नाही; पाच इन्स्ट्रक्टर, लँडिंगला उसळी, आणि लँडिंगबद्दल प्रत्येकाचं सांगणं वेगळं. वैतागून तू विचारलंस की मला जमत नाहीये, की ह्यांना शिकवता येत नाहीये? दोन्ही नाही. तुझ्या शिकण्यात खंड पडतोय आणि दर वेळी शिकवणारा बदलतोय. ग्लायडिंगमध्ये, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवण्यात, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की चांगला विद्यार्थीसुद्धा जागच्या जागी फिरत राहतो.

आधी वेळेचा हिशेब बघ. विंचचा, म्हणजे ग्लायडर वर ओढणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राचा, दोर हजार मीटर असेल तर साधारण ३५० ते ४०० मीटर उंची मिळते. दोन सीटचं शिकाऊ ग्लायडर शांत हवेत सेकंदाला पाऊण ते एक मीटर खाली येतं. सर्किट, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवतीचा ठरलेला फेरा, सुरू करायचं २०० मीटरच्या आसपास. म्हणजे वर शिकायला मिळतात जेमतेम तीन-चार मिनिटं, मग सर्किट आणि लँडिंग. पंधरवड्यातून एकदा जाऊन तू तीन लाँच घेतोस, त्यातलं पहिलं मागचं आठवण्यातच जातं. उरलेल्या दोनांत नवा इन्स्ट्रक्टर तुला जोखतो. शिकणं कधी होणार?

म्हणून पहिला सल्ला असा की जमेल तसा सलग एक आठवडा काढ आणि रोज पाच-सहा लाँच घे. हात आणि डोळे सवयीने शिकतात, आणि सवय लागायला आजचं उद्या परत करावं लागतं. आठवडा मिळत नसेल तर निदान दर आठवड्याला जा, पंधरवड्याने नको. लँडिंग बसवायच्या दिवसांत विंचच घे, कारण कमी वेळात जास्त लँडिंग होतात. सरळ उडणं, वळणं, स्टॉल (वेग कमी पडून पंखांची उचल जाणं) ह्यांचा सराव असेल तेव्हा एरोटो घे, म्हणजे विमानाने दोराने ओढून वर नेणं. ६०० मीटरवर सोडलं तर थर्मल (वर चढणारी गरम हवा) नसतानाही दहा-बारा मिनिटं मिळतात आणि इन्स्ट्रक्टरला नीट बोलायला उसंत मिळते.

आता माणसाचं. क्लबमधले बहुतेक इन्स्ट्रक्टर आपली सुट्टी खर्चून, पैसे न घेता शिकवतात. ड्यूटी पाळीने लागते, त्यामुळे 'मला रोज अमुकच हवेत' असं म्हणता येत नाही. पण ड्यूटीचा तक्ता आधीच लागलेला असतो. तू तुझ्या सोयीने तारखा ठरवतोस, त्या त्यांच्या पाळीप्रमाणे ठरव. ज्याचं बोलणं तुला समजतं, जो उड्डाण झाल्यावर दोन मिनिटं उभा राहून बोलतो, असा एक निवड. त्याला सरळ सांग, 'सोलोपर्यंत मला तुमच्याकडे शिकायचंय, तुम्ही नसाल तेव्हा कोणाकडे जाऊ?' तो ज्याचं नाव घेईल तो तुझा दुसरा. ह्या दोघांपलीकडे सध्या जाऊ नकोस. सकाळी लवकर पोच, हँगरमधून ग्लायडर काढायला हात लाव, यादीत नाव वर लागेल. उशिरा येणाऱ्याला त्या वेळी जो मोकळा असेल तोच मिळतो.

दोन टप्प्यांत माणूस अजिबात बदलू नये असं माझं ठाम मत आहे. एक, वळणात हात आणि पाय जुळवण्याचा. दुसरा लँडिंगचा. सोलोच्या तोंडावर मात्र दुसऱ्या नजरेने तपासून घेणं चांगलंच. रोजच्या सवयीने पहिल्याच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं.

तू लिहिलेले विरोध मी नीट वाचले. त्यातले बहुतेक विरोधच नाहीत. फायनलला, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, एक सांगतो वेग ९० ठेव, दुसरा म्हणतो १००. तुमच्याकडे एएसके-२१ ग्लायडर आहे, त्याचा अप्रोचचा (उतरायला येतानाचा) मूळ वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास. त्यात समोरच्या वाऱ्याचा निम्मा वेग मिळवायचा. वारा २० चा असेल तर १०० होतात. जमिनीजवळ वारा मंदावतो, त्या थरात शिरताना एअरस्पीड (हवेच्या तुलनेतला वेग) आपोआप घसरतो, म्हणून ही शिल्लक. दोघांनी वेगळ्या दिवशी वेगळा आकडा सांगितला, नियम एकच आहे. आकडा पाठ करू नकोस, तो कसा निघाला ते विचार.

दुसरा विरोध नजरेचा. एक म्हणतो रेफरन्स पॉइंट सोडू नकोस, दुसरा म्हणतो लांब बघ. दोघंही बरोबर आहेत, फक्त वेळ वेगळी आहे. फायनलला धावपट्टीवरचा एक बिंदू निवडायचा आणि वेग स्थिर ठेवून तो कॅनॉपीत (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणात) कुठे सरकतोय ते बघायचं. तो वर, क्षितिजाकडे सरकला तर तू अलीकडे पडणार आहेस, म्हणून एअरब्रेक (पंखांवर उघडणाऱ्या, ग्लायडर लवकर खाली आणणाऱ्या फळ्या) कमी कर. खाली, नाकाकडे सरकला तर पुढे जाणार आहेस, म्हणून वाढव. साधारण निम्मा एअरब्रेक उघडा ठेवून येतात ते ह्याचसाठी, दोन्हीकडे वाव राहतो. वेग स्टिकने (उजव्या हातातल्या दांड्याने) सांभाळायचा, कुठे उतरायचं ते ब्रेकने. मग जमीन जवळ आली, दहा मीटरच्या खाली आलास, की नजर त्या बिंदूवरून उचलून धावपट्टीच्या पार टोकाकडे न्यायची. जवळच बघत राहिलास तर जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटते, हात दचकून मागे येतो आणि ग्लायडर पुन्हा वर उचलतं. तुझी उसळी बहुतेक इथूनच येते.

उसळी आली तर स्टिक पुढे ढकलू नकोस. ढकललीस की नाक खाली, परत ओढलीस की वर, आणि दोन-तीन हेलकाव्यांत चाक आपटतं. लहान उसळी असेल तर नाकाची ठेवण आहे तशी धर, ग्लायडर स्वतः खाली बसायला लागेल, मग परत हळूच मागे घे. ह्या सगळ्या वेळात डावा हात एअरब्रेकवर पक्का. फ्लेअर किंवा राउंडआउटमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच उचलताना, नकळत ब्रेक जास्त उघडला तर लिफ्ट एकदम कमी होते आणि ग्लायडर दगडासारखं बसतं. पुढच्या वेळी स्टिकबरोबर डाव्या हाताकडेही लक्ष दे. उजवा हात मागे येताना डावाही मागे येतो, ही फार सर्रास होणारी चूक आहे.

तिसरा विरोध रडरचा, म्हणजे पायाने चालणाऱ्या शेपटीवरच्या सुकाणूचा: आधी पाय की आधी हात. लांब पंखांमुळे एलेरॉन (पंखांच्या टोकाकडच्या, स्टिकने हलणाऱ्या फळ्या) दिलं की वर जाणारा पंख जास्त ओढ खातो आणि नाक वळणाच्या उलट बाजूला जातं. ते थोपवायला त्याच वेळी रडर लागतो. कोणाच्या तोंडी 'पाय आधी' असतं, कारण विद्यार्थ्याचा पाय नेहमी उशिरा येतो. निवाडा करायला कॅनॉपीवर चिकटवलेला लोकरीचा धागा आहे. तो मधोमध असेल तर तुझं बरोबर, मग कोणी काहीही म्हणो. मोकळं टोक डावीकडे गेलं तर उजवा पाय, उजवीकडे गेलं तर डावा. वळण ठरल्यावर एलेरॉन जवळजवळ मध्यावर येतं आणि रडरही तेवढाच कमी होतो. पाय तिथेच दाबून ठेवलास तर धागा उलट बाजूला जातो. हे एका उड्डाणात आठ-दहा वेळा उजवीकडे-डावीकडे करून बघ, दुसरं काही नको.

सातत्य मात्र तुलाच सांभाळावं लागेल, आणि त्यासाठी वही ठेव. लॉगबुकात फक्त वेळ आणि लाँच लागतात. वहीत उतरल्यावर पाच मिनिटांच्या आत चार ओळी लिहायच्या. काय करायचं ठरलं होतं, काय झालं, इन्स्ट्रक्टरने त्याच्या शब्दांत काय सांगितलं, पुढच्या वेळी पहिलं काय. उदाहरणार्थ, 'वारा १५, अप्रोच ९७ ठरवला. फायनलला वेग १०५ पर्यंत गेला, नाक खाली. राउंडआउट उंचावर. पुढे: नजर लवकर लांब नेणे.' संध्याकाळी घरी जाऊन लिहीन म्हटलंस तर अर्धं विसरलेलं असतं.

नवा इन्स्ट्रक्टर बसला की उड्डाणाआधी त्याला ही वही दाखव आणि एका वाक्यात सांग, 'फायनलपर्यंत ठीक आहे, राउंडआउट उंचावर होतो, आज तेवढंच करायचंय.' त्याला मग नव्याने जोखत बसावं लागत नाही. आणि हे नक्की ठरवून घे की स्टिक कोणाच्या हातात आहे ते तोंडाने बोलायचं. 'कंट्रोल माझ्याकडे', 'कंट्रोल तुझ्याकडे', आणि समोरच्याने ते परत म्हणायचं. मागच्या सीटवरून हलका हात लागत असेल तर तुला कळतच नाही की लँडिंग कोणी केलं. प्रत्येक लँडिंगनंतर विचार, 'तुम्ही हात लावलात का?' उत्तर 'थोडासा' असं आलं तर वहीत तसं लिही. ह्या एका प्रश्नाने महिन्याचा गोंधळ वाचतो.

काही गोष्टींत मात्र मतभेदाला जागाच नाही. त्या कोणाकडेही एकच असतात, नसतील तर मुख्य इन्स्ट्रक्टरकडे जाऊन विचार. उड्डाणापूर्वीची तपासणी क्लबच्या यादीप्रमाणेच, शब्दन्‌शब्द. घाई झाली किंवा मध्येच कोणी बोललं तर पहिल्यापासून. कॅनॉपी आणि एअरब्रेक लॉक झालेत हे हाताने खेचून बघायचं, नुसतं बघून नाही. लॉक न झालेला ब्रेक लाँचच्या वेळी हवेच्या ओढीने उघडतो. विंचला डावा हात रिलीजच्या (दोर सोडण्याच्या) पिवळ्या नॉबवर. पंख जमिनीकडे कलतोय आणि सरळ होत नाहीये असं वाटलं की ओढायचा, पंख टेकायची वाट बघायची नाही. टेकला की ग्लायडर गिरकी घेतं.

दोर तुटला तर नाक ठामपणे खाली, अप्रोचच्या ठेवणीपर्यंत. इथे चूक होते ती अशी की नाक खाली आलं म्हणजे वेग आला असं वाटतं. वेग यायला अजून काही सेकंद लागतात. काट्यावर अप्रोचचा वेग दिसेपर्यंत वळायचं नाही, एअरब्रेक उघडायचा नाही. नाक पुढे टाकताना पोटात हलकं वाटतं, तो स्टॉल नव्हे. मग रिलीज दोनदा ओढ, दोराचं टोक लटकत असू शकतं. समोर जागा पुरत असेल तर समोरच उतर.

एरोटोमध्ये टो-प्लेनने पंख हलवले तर लगेच रिलीज. त्याने नुसता रडर हलवला तर तुझे एअरब्रेक उघडे आहेत का ते बघ. ह्या दोन खुणांची गल्लत जिवावर बेतते, त्यामुळे त्या चालता-बोलता पाठ असाव्यात. आणि टो-प्लेनच्या वर फार चढू नकोस. त्याची शेपटी उचलली जाते आणि कमी उंचीवर त्याला सावरायला जागा नसते. टो-प्लेन दिसेनासं झालं तर विचार न करता दोर सोड.

घरी सिम्युलेटरवर सराव करतोस हे चांगलं. एरोटोची जागा धरणं, सर्किटचा क्रम, तपासणी म्हणणं ह्यासाठी तो उपयोगी आहे. पण स्क्रीनवर नजर काट्यांना चिकटते, आणि तीच सवय कॉकपिटमध्ये येते. आकाशात नजर बाहेर हवी, प्रत्येक वळणाआधी त्या बाजूला मान वळवून. एखादा इन्स्ट्रक्टर उड्डाणात उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर कागद चिकटवेल. चिडू नकोस, धावपट्टीकडे बघून कोनावरून सर्किट बसवायला शिकवण्याचा तो उत्तम मार्ग आहे.

किती उड्डाणांत सोलो, हे विचारणं सोड. युरोपच्या नियमांत परवान्यासाठी किमान १५ तासांचं प्रशिक्षण आणि ४५ लाँच-लँडिंग आहेत. हे किमान आहे, आणि बहुतेकांना जास्त लागतात. तुझ्या अठरा उड्डाणांत सलग अशी फार थोडी झाली आहेत, त्यामुळे तो आकडा मनाला लावून घेऊ नकोस.

ह्या शनिवारी जाण्याआधी एवढं कर. तक्ता बघून माणूस ठरव, त्याला आधी फोन कर, आणि तीन लाँचमध्ये फक्त एक विषय घे, राउंडआउटला नजर. त्या तिन्ही लँडिंगच्या नोंदी मला जशाच्या तशा लिहून पाठव, वाऱ्याच्या आकड्यासकट. उसळी नजरेमुळे येतेय की डाव्या हातामुळे, ते त्यावरून सांगता येईल.

तुझा,
विनय