जळगावच्या खोलीचा करार करण्याआधी

अमळनेर

चि. प्राजक्ता,
अनेक आशीर्वाद.

पिंप्राळ्यातली खोली तुला आवडली हे ऐकून बरं वाटलं. पण घरमालक म्हणतात, ‘नोटरी करून टाकू, रजिस्टरचा खर्च कशाला?’ ते मला अजिबात पटलेलं नाही. फोनवर घाईत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायच्या नुसत्या परवानगीचा, का असेना. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसताना वाद उभा राहिला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. म्हणजे नोंदणीत त्यांचाही फायदाच आहे. त्यांना हे नीट समजावून सांग, भांडू नकोस.

आणि खर्च तो किती? भाडं ७,००० आणि डिपॉझिट २०,००० धरलं, तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास येतं. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठा घेऊन ऑनलाइन नोंदणी होते, एजंट घरी येऊन करून देतात. निम्मा खर्च तू देते म्हण.

आता करारात काय लिहून घ्यायचं. खोली सोडताना डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि त्यातून कशाकशाचे पैसे कापायचे, हे स्पष्ट हवं. सगळ्यात जास्त कुरबुर इथेच होते. राहायला जाण्याआधी भिंती, नळ, पंखे, खिडक्यांचे फोटो काढून त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. विजेचं स्वतंत्र मीटर नसेल तर युनिटचा दर ठरवून घे. तुझा कूलर चार महिने चालणार आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो, म्हणजे बिल काही लहान येणार नाही. वाघूर धरणाचं पाणी आलं की टाकी कोण भरणार, मोटर कुणाच्या मीटरवर, हेही आधीच बोलून घे.

भाडेकरूचं वीज-पाणी सबळ कारणाशिवाय तोडायला कलम २९ ची मनाई आहे. पण तुझा करार लिव्ह अँड लायसन्सचा असणार, म्हणून नुसत्या कलमावर विसंबू नकोस. कराराच्या मुदतीत वीज-पाणी बंद करणार नाही, असं एक वाक्य त्यातच घालून घे.

तुझी माय सारखी म्हणते, ‘पोर एकटी शे तठे.’ तिची काळजी खरी आहे. मालकांकडे दुसरी किल्ली असली तरी वाटेल तेव्हा आत यायचा हक्क त्यांना नाही. खोली पाहायची असेल तर आधी कळवून, योग्य वेळी यायचं, असं कलम २८ सांगतं. आपल्या खालच्या दोन खोल्यांत मास्तर राहतात. नळ दुरुस्त करायचा असला तरी मी आदल्या दिवशी विचारतो. भाडं मोजून दिल्यावर ती जागा तेवढ्या मुदतीपुरती त्यांची असते. तुझ्या मालकांनीही तुझ्याशी तसंच वागावं आणि ते तू निःसंकोच सांगावंस, असं मला मनापासून वाटतं.

पण घर आपलं नाही हेही तितकंच ध्यानात असू दे. भाडं ठरल्या तारखेला यूपीआयने दे, त्याची नोंद राहते. रोख दिलंस तर पावती घे. कूलरसाठी ग्रिल कापायचं किंवा भिंतीत भोक पाडायचं तर आधी विचार. कूलरचा नळ चालू ठेवून ऑफिसला जाऊ नकोस. गावात पाणी रोज येत नाही आणि ते वाहून गेलं तर खालच्यांनी बोलणं रास्तच आहे. हिवाळ्यात मैत्रिणींना घेऊन गच्चीवर भरिताची वांगी भाजायची हौस येईल, तेव्हा मालकांना विचार आणि त्यांनाही जेवायला बोलव. मैत्रीण राहायला आणायची असेल तर लेखी परवानगी हवी, परस्पर नाही. पोलिसांकडे द्यायला तुझी माहिती मागितली तर राग मानू नकोस, त्यात तुझीही सुरक्षितता आहे.

मुदत संपली की एक तर नवा करार, नाहीतर खोली मोकळी. कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट भाडं भरावं लागू शकतं, आणि मालक जागेचा ताबा सक्षम प्राधिकाऱ्याकडे मागू शकतो. त्याआधीच सोडायची वेळ आली तर किती दिवसांची नोटीस द्यायची, तेही करारात घाल. एक महिना दोघांनाही पुरतो. तू दिलेली नोटीस लेखी असू दे.

मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव, मी रात्री बसून वाचतो. मालक नोंदणीला तयार नसतील तर ती खोली सोड. तोवर मावशीकडे राहा, मी रविवारी येतो, दुसरी पाहू. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, यायचं तिकीट मात्र आताच काढून ठेव.

तुझे,
बाबा