बाळाला फळ द्यावे, रसाची घाई करू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या उन्हाळी पुरवणीत तान्ह्या बाळांच्या काळजीविषयी आलेल्या मजकुरात, बाळाला चौथ्या महिन्यापासून मोसंबीचा किंवा डाळिंबाचा रस दिवसातून दोन वेळा पाजावा, त्यामुळे उन्हाचा त्रास होत नाही आणि रक्तही वाढते, असा सल्ला छापून आला आहे. सोलापूरकरांना हा सल्ला नवा नाही. सासू सुनेला तो देते, शेजारीण बाळंतिणीला देते आणि आजारी मुलाला भेटायला येणारे पाहुणेही डाळिंबाची पिशवी हातात घेऊनच येतात. परंतु घरात ऐकलेल्या गोष्टीवर निदान वाद तरी होतो, वर्तमानपत्रात आलेली गोष्ट मात्र कात्रण करून जपली जाते. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त होईपर्यंत मी शहराच्या पूर्व भागातील आणि आसपासच्या गावांतील मातांशी याच विषयावर बोलत आले, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

पहिले सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण रसाचे काय, याविषयी घोळ आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2001 मध्ये सहा महिन्यांच्या आत रस नको असे सांगितले होते. 2017 मध्ये तिने ही मर्यादा एक वर्षापर्यंत वाढवली. आपल्याकडील भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना त्याहून सावध आहे. तिच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना फळांचा रस देऊच नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 125 मिलिलिटर आणि त्यापुढे 250 मिलिलिटर इतकाच द्यावा, आणि तिथेही रसापेक्षा सबंध फळच बरे. म्हणजे आपल्या पुरवणीतील चौथा महिना आणि तज्ज्ञांनी सांगितलेले वय यांत दीड वर्षाहून अधिक अंतर पडते.

जुन्या पिढीने मोसंबीचा रस पाजला तो अज्ञानातून पाजला, असे मात्र मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी युरोप-अमेरिकेत वरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांना 'क' जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा स्कर्व्ही हा आजार होत असे; लंडनच्या थॉमस बार्लो यांनी 1883 मध्ये लहान मुलांमधील या आजाराचे नेमके वर्णन केले. दूध तापवल्याने त्यातील 'क' जीवनसत्त्व बरेचसे नाहीसे होते आणि ते भरून काढण्यासाठी संत्र्याचा रस चमच्या-चमच्याने देण्याची पद्धत पडली. आपल्याकडे गाई-म्हशीचे दूध उकळूनच दिले जाते, त्यामुळे वरच्या दुधावरच्या बाळाला मोसंबीचा रस सांगणारे त्या काळचे डॉक्टर आपल्या जागी बरोबर होते. पुढे झाले असे, की कारण विस्मरणात गेले आणि रस तेवढा उरला. आई जे दूध पाजते त्यात 'क' जीवनसत्त्व असतेच; अंगावर पिणाऱ्या चार महिन्यांच्या बाळाला त्यासाठी मोसंबीची गरज नाही.

आता डाळिंबाकडे वळते. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच केगावात आहे, सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातील कित्येक घरे या फळावर उभी राहिली आहेत. या फळाविषयी वाकडा शब्द काढण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु डाळिंबाने रक्त वाढते ही समजूत बाळांच्या बाबतीत महागात पडते. डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो, लोहाचा नव्हे. 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅमच्या आसपास भरते. पूर्ण दिवसांच्या बाळाने आईच्या पोटात असताना साठवलेले लोह साधारण सहा महिने पुरते आणि नेमक्या त्याच सुमारास उष्टावण करून आपण वरचे अन्न सुरू करतो. त्या वेळी बाळाच्या इवल्याशा पोटात काय जाते याला फार महत्त्व असते. वाटीभर रस प्यायलेले बाळ पुढचा घास नाकारते, आई म्हणते, याला भूकच नाही, आणि मग भूक लागावी म्हणून पुन्हा रस दिला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमधील रक्तक्षयाचे प्रमाण देशात 67.1 टक्के आणि महाराष्ट्रात 68.9 टक्के आढळले. ज्या राज्यात दर तीन मुलांमागे दोन मुलांना रक्त कमी आहे, तिथे रक्त कशाने वाढते याचे उत्तर तरी नीट दिले गेले पाहिजे.

ते उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मऊ शिजवलेली डाळ, ज्वारी-बाजरीची पेज, बारीक चिरून शिजवलेली पालेभाजी, आणि खाणाऱ्या घरात अंडे, मासे किंवा मऊ शिजवून कुस्करलेली कलेजी, यांतून बाळाला लोह मिळते. फळातील 'क' जीवनसत्त्व हे लोह अंगी लागायला मदत करते, म्हणून वरण-भातावर लिंबाचे चार थेंब पिळणे हा ग्लासभर रसापेक्षा कितीतरी शहाणपणाचा आणि स्वस्त उपाय आहे. याच्या उलट परिणाम चहाचा होतो, तरीही वर्षाच्या आतल्या बाळाला चहात बुडवलेले बिस्कीट चारण्याची पद्धत अजून सुटत नाही, हे जाता जाता नमूद करते. शिवाय ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपुढील बालकांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध द्यायचे असते. ते मोफत मिळते. आशाताईंनी घरी आणून दिलेली ती बाटली फळीवर धूळ खात पडलेली आणि शेजारी विकत आणलेली डाळिंबे, असे दृश्य मी इतक्या घरांत पाहिले आहे की त्याचे आता आश्चर्यही वाटत नाही.

फळ आणि रस यांत फरक काय, असे पुष्कळ जण विचारतात. फळ पिळून गाळले की चोथा जातो, तोच तर पोट साफ ठेवतो आणि साखर रक्तात सावकाश उतरू देतो. उरतो तो गोडवा. घरी काढलेल्या मोसंबीच्या किंवा डाळिंबाच्या रसात वरून साखर घातली नाही तरी तो गोडच असतो. डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या रसातील साखर तर बाजारातल्या कोला पेयाइतकी किंवा त्याहून थोडी अधिकच भरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रसातील साखर ही वरून घातलेल्या साखरेच्याच गटात मोजते, अख्ख्या फळातील साखर मात्र त्यात धरत नाही. त्यातून रस बाटलीत भरून झोपताना तोंडात दिला तर नुकतेच आलेले पुढचे दात किडतात. सफरचंद आणि नासपतीच्या रसात सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो, तो बाळाला पचत नाही आणि पातळ शी होते. याच गुणाचा उपयोग करून बद्धकोष्ठ झालेल्या बाळाला थोडा रस डॉक्टर कधी कधी सांगतात, तो अपवाद आहे आणि तो त्यांनीच सांगावा.

उन्हाळ्याचा मुद्दा आपल्या गावात टाळता येणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जातो, पत्र्याच्या घरात तर जीव नकोसा होतो, तेव्हा बाळाच्या घशाला कोरड पडत असेल या काळजीने आजी चमचाभर तरी रस पाजते. परंतु आईच्या दुधात जवळजवळ 87 टक्के पाणीच असते. सहा महिन्यांखालील बाळाला उन्हाळ्यात अधिक वेळा अंगावर घ्यावे, आईने स्वतः भरपूर पाणी आणि ताक प्यावे, एवढे पुरे होते. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल तर त्याला पाणी कमी पडत नाही. विड्या वळणाऱ्या किंवा यंत्रमागाच्या कारखान्यात जाणाऱ्या बाईला दर दोन तासांनी बाळाला घेणे जमत नाही, हे मला माहीत आहे. तिच्यासाठी दूध काढून स्वच्छ झाकणाच्या वाटीत ठेवून ते चमच्याने पाजण्याची रीत शिकवणे हे काम आहे, तिच्या बाळाच्या तोंडी रसाची बाटली देणे नव्हे.

सर्वांत जास्त धोका होतो तो जुलाबात. जुलाब सुरू झाले की मोसंबीचा रस, डाळिंबाचा रस किंवा दुकानातले खोक्यातले पेय द्यायचे, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. रसातील जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या जलसंजीवनीच्या (ओआरएसच्या) एक लिटर पाण्यात ग्लुकोज असते फक्त 13.5 ग्रॅम, तेवढ्याच फळांच्या रसात साखर सहज 100 ग्रॅमच्या घरात जाते आणि शरीरातून निघून गेलेले मीठ मात्र नावापुरतेच असते. ओआरएस हे नाव लावून फळांच्या चवीची गोड पेये औषध दुकानांत वर्षानुवर्षे विकली गेली आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये असे नाव वापरण्यास मनाई केली, तीही हैदराबादच्या एका महिला बालरोगतज्ज्ञांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर. पालकांनी पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापले आहे का, हे पाहूनच ती घ्यावी, सोबत बाळाला अंगावर पाजणे चालू ठेवावे आणि डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या पूर्ण कराव्यात. खोक्यातल्या पेयांविषयी अधिक लिहीत नाही; नियमाप्रमाणे फ्रूट ड्रिंक म्हणवणाऱ्या पेयात फळाचा अंश केवळ 10 टक्के असला तरी चालतो, एवढे सांगितले म्हणजे झाले.

रस्त्यावरच्या रसाबद्दल मात्र लिहिले पाहिजे. शहराला उजनीचे पाणी काही दिवसांआड येते, ते टाक्यांत आणि बॅरलमध्ये साठवले जाते आणि त्याच पाण्याने मिक्सरचे भांडे, गाळणी, पेले विसळले जातात. रसवंतीतला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही. मोठ्या माणसाचे पोट ते सोसते, दहा महिन्यांच्या बाळाचे सोसेलच असे नाही. घरीही रस काढून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि संध्याकाळी पुन्हा पाजायचा, हे योग्य नाही.

मग फळ द्यायचे तरी कसे? सहा महिने पूर्ण झाल्यावर पिकलेले केळे काट्याने कुस्करून द्यावे. चिक्कू, पपई, आंबा यांचा गर बोटाने चाचपून, बिया आणि दोरे काढून द्यावा. सफरचंद वाफवून मऊ करून द्यावे. यातले काहीही पातळ करून बाटलीत भरू नये, कारण चघळायला शिकणे हाही त्या वयातल्या बाळाचा अभ्यासच असतो. डाळिंबाचे दाणे आणि नान्नजकडची सुरेख द्राक्षे यांची मात्र काळजी घ्यावी. अख्खा दाणा किंवा अख्खे द्राक्ष घशात अडकू शकते, म्हणून डाळिंबाचे दाणे ठेचून, बी गाळून, तो गर दह्यात किंवा पेजेत कालवून द्यावा आणि द्राक्षाचे उभे चार तुकडे करावेत, तेही मूल बसलेले आणि आपण समोर असताना. रस गोड लागावा म्हणून त्यात मध घालण्याची पद्धत आहे. वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये, त्यातून बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. दोन वर्षांपुढच्या मुलाला रस द्यायचाच असेल तर तो ताजा, बिनसाखरेचा, लहान पेल्यातून आणि जेवणाबरोबर द्यावा. दिवसभर हातात बाटली देऊन फिरवू नये.

ग्लासभर डाळिंबाच्या रसाला दोन-तीन चांगली फळे लागतात. तीच फळे घरातल्या चौघांनी दाणे काढून खाल्ली तर शेतकऱ्याचेही काही नुकसान नाही. रसाला मी विरोध करते म्हणजे डाळिंब बागायतदारांच्या पोटावर पाय देते, असा आक्षेप पूर्वी एका सभेत आला होता, म्हणून हे लिहिले.

आपणास विनंती अशी आहे, की पुरवणीतील त्या सल्ल्याची दुरुस्ती त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, आणि यापुढे बाळांच्या आहारावरील मजकूर छापण्यापूर्वी एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या नजरेखालून घालावा. तसेच महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागांनी अंगणवाड्यांमधून वाटण्यासाठी याच विषयाचे एक पानी पत्रक मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही तयार करावे. पूर्व भागातील अनेक आज्या मराठी बोलतात, पण वाचत नाहीत, आणि बाळाला काय पाजायचे हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात. पुढचा उन्हाळा सुरू होण्याआधी, फेब्रुवारीपर्यंत हे पत्रक घरोघरी पोहोचले तर त्याचा उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, सोलापूर