ब्रेसवाल्या ताईंना, एका बाबाकडून

ताई,

समोर आलो की दरवेळी नुसतं "थँक्यू ताई" म्हणून निघतो. मागे पुढचं बाळ रडत असतं, तुमच्या हातात स्क्रूड्रायव्हर असतो, त्यामुळे नीट बोलणं असं कधी झालंच नाही. म्हणून हे लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण क्लबफूट असलेल्या बाळांचे आईबाप रात्री जागून मोबाईलवर काहीबाही शोधत बसतात, त्यातल्या कुणाच्या हाती हे लागलं तर बरंच आहे.

आमच्या लेकीचा उजवा पाय जन्मतःच आत आणि खाली वळलेला होता, यालाच क्लबफूट म्हणतात. साधारण हजार बाळांमागे एकाला हे असतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त. डॉक्टरांनी पोन्सेटी पद्धतीने उपचार केले, म्हणजे दर आठवड्याला पाय हाताने हळूहळू वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर, मग टाचेमागच्या स्नायूबंधाला बारीकसा छेद आणि त्यावर तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. ते निघालं आणि पाय एकदम सरळ दिसला. इतका सरळ की घरात सगळ्यांना वाटलं, चला, संपलं एकदाचं. आणि तेव्हाच डॉक्टरांनी आम्हाला तुमच्याकडे पाठवलं.

तुम्ही ती ब्रेस, म्हणजे दोन बूट आणि त्यांना जोडणारा मधला बार, टेबलावर ठेवलीत तेव्हा माझी बायको रडायला लागली, आठवतंय का तुम्हाला? एवढंसं बाळ, नुकतंच प्लास्टरमधून सुटलेलं, आणि आता दोन्ही पाय एका पट्टीला बांधायचे, तेही तीन महिने दिवसाचे तेवीस तास. तुम्ही घाई केली नाहीत. आधी तिला पाणी दिलंत, तिने "माझं काय चुकलं असेल" असं विचारल्यावर म्हणालात की बहुतेक बाळांमध्ये याचं कारण सापडतच नाही, तुम्ही ते स्वतःमध्ये शोधत बसू नका. एवढं एक वाक्य आम्हाला खूप आधी कुणीतरी सांगायला हवं होतं असं मला अजून वाटतं. त्याबद्दल पहिले आभार.

मग मी विचारलं की चांगल्या पायाला बूट कशाला. तुम्ही हसला नाहीत, कागदावर चित्र काढून दाखवलंत. उजवा पाय बाहेरच्या बाजूला सत्तर अंशांवर, डावा चाळीसवर, बार खांद्यांच्या रुंदीएवढा आणि मध्ये थोडा वाकवलेला, म्हणजे पाऊल वरच्या दिशेला ताणलेलं राहतं. एकट्या पायाला नुसता बूट घातला तर तो पाय बाहेर वळलेला ठेवायला आधारच उरत नाही, तो आधार दुसरा पाय देतो. ते चित्र आमच्या कपाटावर चिकटवलेलं आहे, घरात येणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो आणि आम्ही बोट दाखवतो.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीचे. तुम्ही बूट घालून दाखवलात, काढलात आणि माझ्या हातात दिलात. म्हणालात, आता तुम्ही घाला, मी बघते. गुडघा वाकवायचा म्हणजे पोटरी सैल पडते. सुती मोजा, सुरकुती नको. पाऊल आत सरकवून टाच आधी खाली बसवायची, बुटाची जीभ अंगठ्याने दाबून धरायची आणि मधला पट्टा सगळ्यात आधी आवळायचा, कारण टाच जागेवर धरून ठेवतो तो मधलाच, बाकीचे नंतर. मग बुटाच्या मागच्या छोट्या भोकातून डोकावून बघायचं, टाच दिसते का. माझी बोटं थरथरत होती, लेक किंचाळत होती, आणि तुम्ही मध्ये हात न घालता शांतपणे "अजून खाली, अजून थोडं, हां, आता दिसली बघा" एवढंच म्हणत होतात. मग बायकोकडूनही तसंच करून घेतलंत. ती तर म्हणाली होती की बाबाला जमतंय ना, पुरे. तुम्ही म्हणालात दोघांना यायलाच हवं, एक जण आजारी पडला तर? खरंच तशी वेळ आली नंतर, आणि एकही रात्र ब्रेसशिवाय गेली नाही.

बुटाच्या आतल्या तळव्यावर बोटं जिथे येतात तिथे पेनाने रेघ मारायची तुमची ती युक्ती मी भेटेल त्याला सांगतो. पाय बुटात मागे-पुढे सरकला की रेघेवरून लगेच कळतं, अंदाज लावत बसावं लागत नाही.

पहिले काही दिवस कठीण गेले, ते तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून निभावलं. बाळ चिडतं कारण त्याला पाय एकेकटे हलवता येत नाहीत, दुखतंय म्हणून नाही, तेव्हा बार धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे, खेळ करायचा. आम्ही ते सारखं करायचो, आणि एका संध्याकाळी ती स्वतःच दोन्ही पाय एकत्र उचलून बार गादीवर आपटायला लागली आणि जोरात खिदळली. त्या दिवशी बायकोने पहिल्यांदा ब्रेस घातलेला फोटो काढला.

मग टाचेवर फोड आला. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, बूट घट्ट होतोय, सैल करा, नाहीतर चार दिवस काढूनच ठेवा, आणि त्यांची माया मला कळत होती. तुम्हाला फोन केला तर तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, भोकातून टाच दिसते का? दिसत नव्हती, वर सरकली होती. तुम्ही त्याच दिवशी बोलावलंत, बघितलंत आणि समजावलंत की टाचेच्या मागे आलेला लालभडक डाग किंवा फोड बहुतेक वेळा बूट सैल राहिल्याने येतो, पाय आत घासतो म्हणून. हलकी लाली नवीन बुटात येतेच. आणि त्यावर क्रीम, तेल काही चोळायचं नाही, त्वचा मऊ पडून जास्तच सोलवटते. तुम्ही जीभेची जागा बदललीत, पट्ट्याला नवीन भोक पाडलंत, जखम डॉक्टरांना दाखवून घेतलीत आणि मोठ्यांशी स्वतः बोललात, फोन स्पीकरवर ठेवून, किती आदराने. त्यानंतर घरात "काढून ठेवा" हे कुणीच म्हटलं नाही.

त्या फोनवर तुम्ही त्यांना जे सांगितलंत ते मी इथे मुद्दाम लिहितो. क्लबफूट उलटून येतो, पहिल्या काही वर्षांत पाय झपाट्याने वाढतो तेव्हा तर जास्तच, आणि तो परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ब्रेस मध्येच सोडणं. पाय कितीही छान दिसत असला तरी. म्हणून तीन महिन्यांनंतर दिवसाचे तास कमी होतात, पण रात्रीची आणि दुपारच्या झोपेची ब्रेस चार वर्षांची होईपर्यंत चालू ठेवायची. आमच्याकडे आता ते झोपेच्या तयारीत बसून गेलंय, अंघोळ, मोजे, बूट, बारचा क्लिक असा आवाज, दिवा बंद. लेक स्वतःच पाय पुढे करते आणि बाहुलीच्या पायांना रबरबँड लावून "तिची पण ब्रेस" म्हणते. दिवसभर अनवाणी पळते, जिने चढते, तिला बघून कुणाला सांगूनही खरं वाटत नाही.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी किती सांगू. बारला फोम गुंडाळा म्हणजे तिलाही लागणार नाही आणि रात्री कडेवर घेताना तुमच्या गुडघ्यांनाही. स्क्रू अधूनमधून तपासा. बूट ओल्या फडक्याने पुसा, उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नका. बोटं बुटाच्या कडेवरून खाली वळायला लागली की पुढच्या साइजसाठी या, थांबू नका. तुम्ही हे प्रत्येक आईबापाला रोज सांगत असाल, तरी आम्हाला कधी कंटाळून सांगताय असं वाटलं नाही.

३ जूनला जागतिक क्लबफूट दिवस असतो, १९१४ साली त्या दिवशी ही पद्धत काढणाऱ्या पोन्सेटी डॉक्टरांचा जन्म झाला म्हणून. त्या दिवशी डॉक्टरांचे आभार सगळेच मानतात, आम्हीही मानतो, मनापासून. पण प्लास्टर काही आठवड्यांचं होतं आणि ब्रेस काही वर्षांची आहे, आणि त्या वर्षांमध्ये आमचा फोन उचलणाऱ्या तुम्ही आहात. तुमचं नाव कुठल्या बोर्डावर नसतं, ओपीडीच्या कागदावरही नसतं, ते मला बरोबर वाटत नाही.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं येतोय. लेकीचे खांदे वाढलेत, बार थोडा रुंद करावा लागेल असं मला वाटतंय, मी टेपने मोजून ठेवलंय पण तुम्ही परत मोजा. आणि लहान झालेले बूट धुऊन पुसून ठेवलेत, पट्टे शाबूत आहेत, कुणा बाळाला चालणार असतील तर घेऊन येतो, तेवढं आधी कळवा.

तुमचा खूप आभारी,
लेकीचा बाबा