शार्कचे वय आणि डब्यातले दगडफूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ग्रीनलंड शार्कवरचा लेख वाचला. लेख छान, पण ‘५१२ वर्षांचा मासा’ हा छातीठोक मथळा खटकला. २०१६ च्या त्या संशोधनात पाच मीटर लांबीच्या मादीचे वय ३९२ वर्षे, त्यात १२० कमी-जास्त, असे दिले आहे. डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधीच घडतो. त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेला तो अंदाज. खान्देशी हिशेबाने बोलायचे तर ती सोळाव्या शतकात फारुकी सुलतानांच्या अमदानीत जन्मली असेल, नाहीतर पार अठराव्या शतकातल्या भालकीच्या तहाच्या सुमारास. आपण वरचे टोक तेवढे उचललेत.

‘इतक्या संथपणे वाढणारा दुसरा जीव नाही,’ हे वाक्य तर मुळीच पटले नाही. १९३६ साली खूण करून सोडलेला एक शार्क १६ वर्षांनी सापडला, तेव्हा ८ सेंटिमीटर वाढला होता. म्हणजे वर्षाला ५ मिलीमीटर. थंड मुलखातल्या खडकांवर नकाशासारखे पसरणारे पिवळट-हिरवे दगडफूल, ऱ्हायझोकार्पॉन जिओग्राफिकम, बहुतेक ठिकाणी वर्षाला मिलीमीटरभरही सरकत नाही. आर्क्टिकमधले काही ठिपके हजार वर्षांपलीकडचे मानतात. त्यांचे वय काढायची रीत मला शार्कपेक्षा जास्त आवडते. थडग्यावर साल कोरलेले असते. त्यावरच्या सर्वांत मोठ्या ठिपक्याचा व्यास मोजला की वाढीचा वेग मिळतो. मग हिमनदी मागे हटून एखादा खडक कधी उघडा पडला, तेही सांगता येते. ऑस्ट्रियाच्या रोलँड बेशेल यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत रुजवली.

तुलना सरळ नाही, कबूल. शार्क एकटा जीव; दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवालाचा संसार. वय कोणाचे धरायचे?

परवा काळ्या मसाल्यासाठी खोबरे भाजत होतो, तर नातीने डब्यातला दगडफुलाचा तुकडा उचलून विचारले, “हाई काय शे आजोबा, कचरा?” वरून राखाडी, खालून काळाभोर, बोटात चुरणारा. नकाशावाल्याचा सख्खा नव्हे, पण भाऊबंदच. शेवभाजीतून आपण तो वर्षानुवर्षे खातो.

शार्कला अर्धे पान दिलेत, यालाही एखादा कोपरा द्या. फोटोसाठी तुकडा लागला तर पाकिटातून पाठवतो. फक्त हळू उघडा.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, अमळनेर