सीटचा पाइप घसरतोय, त्याबद्दल

सोलापूर

प्रिय बसू,

सायकलची सीट पुन्हा खाली बसली म्हणालास. जुळे सोलापुरातून निघताना उंची बरोबर असते आणि अक्कलकोट रोडला पोचेपर्यंत गुडघे छातीकडे यायला लागतात. फोनवर सांगितलं तर निम्मं राहून जाईल, म्हणून लिहूनच देतोय. कागद शेजारी ठेव आणि काम कर. एक आधीच सांगतो बे, तो क्लॅम्प, म्हणजे फ्रेमच्या नळीच्या तोंडावरचं पाइप आवळणारं कडं, आता आणखी आवळू नकोस. असाच जोर लावत राहिलास तर बोल्टचे आटे जातील, नाहीतर फ्रेमच्या नळीचं तोंड चेपेल, आणि सीट घसरायची ती घसरतच राहील.

नक्की काय हलतंय ते आधी बघ. सीट हव्या त्या उंचीवर लाव. पाइप जिथे क्लॅम्पमध्ये शिरतो तिथे, कडेला अगदी चिकटून, इन्सुलेशन टेपचा एक वेढा दे. मग मार्करने पाइपवरून क्लॅम्पवर उतरणारी एक उभी रेघ ओढ. सिद्धेश्वर तलावाला एक फेरी मारून ये. टेपची कड क्लॅम्पमध्ये गेली किंवा टेप चुरगळली असेल तर पाइप खाली जातोय. टेप जागेवर आणि रेघ तुटलेली असेल तर पाइप फिरतोय. इलाज दोन्हींचा एकच. पण टेप, रेघ दोन्ही जागेवर असून सीटचं नाक तेवढं खाली वाकलं असेल, तर पाइपचा काही संबंध नाही. तेव्हा सीटखालची क्लिप बघायची. तिचे दात झिजले असतील तर ती कितीही आवळली तरी पुन्हा सुटते, सरळ बदलून टाक.

आता माप. माझ्या मते तुझं दुखणं इथेच आहे, कारण तो पाइप मूळचा नाही, मागाहून बदललेला आहे. पाइप पूर्ण बाहेर काढ. खालच्या टोकाजवळ, नाहीतर कमीत कमी किती आत हवा त्या खुणेजवळ, माप कोरलेलं असतं: २५.४, २७.२, ३०.९, ३१.६ असं काहीतरी मिलीमीटरमध्ये. ही मापं ०.२ मिलीमीटरच्या फरकानेसुद्धा येतात. २७.० आणि २७.२ हातात धरले तर डोळ्यांना सारखेच दिसतात, पण २७.२ च्या फ्रेममध्ये २७.० चा पाइप कधीच धड बसत नाही. कोरलेलं वाचता येत नसेल तर व्हर्नियरने (बारीक मापं मोजायच्या सरकत्या जबड्याच्या पट्टीने) दोन-तीन ठिकाणी मोज. साध्या पट्टीने मोजून उपयोग नाही. मग नळीचं तोंड आतून मोज, एकदा पुढून मागे आणि एकदा आडवं, तोंडाशी जी उभी खाच असते ती टाळून. दोन मापांत फरक निघाला तर तोंड अंडाकृती झालंय. आणखी एक साधी परीक्षा: क्लॅम्प पूर्ण सैल करून पाइप आत घाल. बरोबर मापाचा पाइप हाताने किंचित जोर लावल्यावर सरकतो आणि डुलत नाही. सीट धरून हलवल्यावर पुढेमागे खडखडला तर पाइप बारीक आहे, पुढचे तर्क करत बसू नकोस.

बारीक निघाला तर योग्य मापाचा नवा पाइप हाच खरा उपाय. तो मिळेपर्यंत, आणि फरक ०.२ चाच असेल तर, कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियम डब्याची शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, चालते. डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलीमीटर जाड असतो. एक वेढा दिला की तो दोन्ही बाजूंना मिळून व्यासात ०.२ ची भर घालतो. डब्याचं वरचं-खालचं झाकण कापून पत्रा सपाट कर. २७ च्या पाइपचा घेर जवळजवळ ८५ मिलीमीटर होतो, म्हणून पत्रा ८३ रुंद काप. टोकं एकमेकांवर चढता कामा नयेत, मध्ये जी फट राहील ती फ्रेमच्या खाचेसमोर येऊ दे. उंची ८ सेंटीमीटर ठेव आणि वरच्या कडेला अर्ध्या सेंटीमीटरचे चार-पाच काप देऊन त्या पाकळ्या बाहेर वळव, म्हणजे शिम नळीत पडणार नाही. कडा पॉलिश पेपरने मार, बोट चटकन कापतं. फरक याहून जास्त असेल तर वेढ्यावर वेढे देऊ नकोस. एमआयडीसीत लेथवाल्याकडून बुश, म्हणजे मधली फट भरणारी जाड नळी, करून घेता येईल, फक्त पाइप आणि नळीची मापं दोन्ही घेऊन जा.

ट्यूबची पट्टी किंवा सेलोटेप मात्र गुंडाळू नकोस. सल्ला सगळे हाच देतात, पण रबर दबतं, पुन्हा फुलतं, त्यामुळे पकड बसतच नाही. पाइपला आरपार भोक पाडून बोल्ट घालायचा विचार तर मनात आणूच नकोस. तो पाइप भोकापाशी तुटतो, आणि तुटतो तेव्हा वर तू बसलेला असतोस.

माप बरोबर निघालं तर सफाई. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ नळीत गेली, तिला तेल लागलं की राखाडी चिकटा तयार होतो आणि पाइप त्यावर सरकतो. जुन्या टॉवेलचा तुकडा घे (सोलापुरात त्याला काय तोटा!), थिनरमध्ये भिजवून पाइप पूस, मग तो तुकडा काठीला गुंडाळून नळी आतून पूस. कापड स्वच्छ निघेपर्यंत. रॉकेल वापरलंस तर त्याचा तेलकटपणा मागे राहतो, तेव्हा नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळव. मग प्रश्न ग्रीसचा. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पाइप असेल तर अगदी पातळ हात हवाच. घाम आणि धुण्याचं पाणी खाचेतून आत जातं, दोन धातू गंजून एकमेकांना धरून बसतात, आणि मग पाइप निघता निघत नाही. माप बरोबर असलं तर एवढ्या ग्रीसने तो घसरत नाही. तरीही घसरला तर ग्रीस पुसून कार्बन असेंब्ली पेस्ट लाव. तिच्यात बारीक कण असतात, ते पकड देतात, आणि ती ॲल्युमिनियमलाही चालते. पाइप किंवा फ्रेम कार्बन फायबरची असेल तर मात्र ग्रीस अजिबात नाही, थिनर आणि पॉलिश पेपरही नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस आणि फक्त पेस्ट लाव.

क्लॅम्पकडे लक्ष दे, तिकडे कुणी बघत नाही. त्याचे दोन कान बोल्ट आवळल्यावर एकमेकांना टेकले असतील तर क्लॅम्प मोठा आहे किंवा ताणला गेलाय; त्यानंतरचा सगळा जोर कानांवर जातो, पाइपवर काहीच नाही. क्लॅम्पचं माप म्हणजे फ्रेमच्या नळीचा बाहेरचा व्यास, पाइपचा नव्हे. दुकानात २७.२ चा क्लॅम्प मागशील तर फसशील. त्या पाइपसोबत बऱ्याचदा ३१.८ चा लागतो. पण तू मोजूनच घे. क्लॅम्प नळीच्या वरच्या कडेला पूर्ण टेकलेला हवा. खाली सरकला असेल तर खाच वर उघडीच राहते.

तुझा क्लॅम्प क्विक रिलीजचा, म्हणजे पान्याशिवाय दांडीने उघडणारा आहे. दांडी सरळ बाहेर आली की तिथून जोर लागायला सुरुवात व्हायला हवी आणि पूर्ण बंद करताना तळहातावर वळ उठायला हवा. दांडीखालचं प्लास्टिक झिजलं असेल तर तसा दाब येतच नाही. मला विचारशील तर ती दांडी काढून बोल्टचा क्लॅम्प बसव. तुला रोज उंची बदलायची नाही, पकड जास्त येते, आणि सीट चोरीला जायची भीतीही कमी होते.

बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली थेंबभर ग्रीस लाव. इथे ग्रीस हवंच: कोरड्या बोल्टवर तुझा बराचसा जोर आट्यांच्या घर्षणातच संपतो, क्लॅम्पपर्यंत पोचतच नाही. किती आवळायचं ते क्लॅम्पवर लिहिलेलं असतं, साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, नसेल तर ॲलन कीचा आखूड हात बोल्टमध्ये घाल, लांब हातावर बोल्टच्या मध्यापासून १० सेंटीमीटरवर खूण कर, तिथे बॅग तोलायचा हुकाचा काटा अडकव आणि काटकोनात ओढ. काटा ५ किलो दाखवील तेव्हा ५ न्यूटन-मीटरच्या जवळ पोचलास. की त्याहून आखूड असेल तर अंतर मोजून तेवढ्या प्रमाणात वजन वाढव, ८ सेंटीमीटरला सव्वासहा किलो.

पाइप आत घालताना कमीत कमीची खूण क्लॅम्पच्या वर दिसता कामा नये. खूणच नसेल तर निदान १० सेंटीमीटर आत हवा, आणि आडव्या नळीच्या जोडाच्या खालपर्यंत गेलेला हवा. तुझी उंची बघता पाइप आखूड पडत असावा. तसं असेल तर ४०० मिलीमीटर लांबीचा घे. थोडाच आत असलेला पाइप पहारीसारखा नळीचं तोंड फाकवतो.

हे सगळं झाल्यावर टेप पुन्हा लाव, दहाएक किलोमीटर चालव आणि बोल्ट एकदा तपास. नवी शिम किंवा क्लॅम्प पहिल्या वेळी थोडा बसतो. तरीही टेप सरकलीच तर नळीचं तोंड फाकलंय असं समज. मग पाइप, क्लॅम्प आणि मापांचा कागद घेऊन रविवारी सकाळी घरी ये. सायकल तशीच घेऊन ये, फ्रेम मलाही बघायची आहे.

तुझा,
नागेश